ताटासमोर बसणारा मुलगा

कोपरीच्या वाचनालयात आम्ही एका लोकप्रिय आयरिश लेखिकेच्या नव्या कौटुंबिक कादंबरीवर बोलत होतो. कुणाला ती वाचताना रडू आलेलं, कुणी अर्ध्यातच सोडलेली. तिच्यातला मेलेला मुलगा रोज आईकडे जेवायला येतो, हे काही मला पटलं नव्हतं. तसं मी बोलून दाखवलं.

दाराजवळ एक अनोळखी बाई बसल्या होत्या. मांडीवरच्या पुस्तकाचं एकच पान त्या तळव्याने सारखं सपाट करत होत्या.

"मलाही नाही पटलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "जेवत नाहीत हो गेलेली मुलं. ताटासमोर नुसती बसून राहतात."

मग घड्याळ पाहून त्या उठल्या. "निघते. येऊन बसला असेल."

त्या गेल्यावर चर्चा पुन्हा सुरू झाली, पण कादंबरीला खोटी कुणीच म्हणालं नाही.