ठकी आणि साहेबी झाड

गोदूबाईंचं तोंड बंद झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. आणि त्याच दिवशी त्यांनी जी बाजी मारली, तिची आठवण झाली की मला आजही उगाचच ताठ चालावंसं वाटतं.

साल बावन्न की त्रेपन्न. मी लग्न होऊन नुकतीच डोंबिवलीला आले होते. भाताच्या शेतात उभ्या केलेल्या एका ओळीतल्या खोल्या, म्हणजे आमची चाळ. पुढे लांबलचक पडवी आणि पडवीच्या कडेनं डालड्याच्या डब्यांत लावलेली झाडं. मालक धाकूशेठ इथलेच जुने शेतकरी. चाळीमागेच त्यांचं घर आणि गोठा. माझ्या शेजारच्या खोलीत गोदूबाई, त्यांचे यजमान महिपतराव आणि ठकी नावाची मांजर. गोदूबाई चिपळूणकडच्या. भांडायला, हसायला आणि दुसऱ्याला शिकवायला बारा महिने तयार. ठकीला मात्र कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत.

महिपतराव कल्याणला रेल्वे इंजिनांच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. तिथला एक साहेब बदली होऊन निघाला, तेव्हा त्यानं बंगल्यातल्या कुंड्या वाटून टाकल्या. त्यातली एक महिपतरावांनी जपून घरी आणली. रुंद हिरवी पानं, त्यांवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही त्याला साहेबी झाड म्हणायचो. गोदूबाईंनी ते दारात तुळशीशेजारी ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी ठकी खाटेखाली शिरली. तोंडातून लाळेच्या तारा, जीभ बाहेर, पंजानं सारखं तोंड ओरबाडतेय. पाण्याची वाटी पुढे केली तर मागे सरली. पलीकडच्या खोलीतल्या गंगुबाईंनी ते पाहिलं आणि मांजर पिसाळली म्हणून हाकाटी केली. घटकाभरात सगळी पोरं खोल्यांत कोंडली गेली आणि धाकूशेठ एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोतं घेऊन आले.

धाकूशेठ दुष्ट नव्हते. आदल्याच वर्षी पिसाळलेलं कुत्रं चावून त्यांचा बैल तडफडून मेला होता. ते समजुतीनं म्हणाले, "पिसाललेलं जनावर पान्याला भितं, गोदूबाय. चालीत पोरं हायेत. पोत्यात घालून खाडीत सोडाया लागल."

गोदूबाई दार अडवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांची नजर कुंडीवर गेली. एक पान कडेनं कुरतडलेलं होतं. त्यांनी त्याचा तुकडा तोडला, उलटसुलट केला, जाड देठ दाबून पाहिला आणि म्हणाल्या की हे अळूच्या भावकीतलं दिसतंय. अळू आपण चिंच घालून शिजवतो, तरी कधी घसा खवखवतो; या मुक्या जिवानं कच्चंच चावलं. कुणालाच पटलं नाही. धाकूशेठ म्हणाले, अळू तर आमीपन खातो.

मग त्या बाईनं तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावला.

काय म्हणावं अशा बाईला! मला अजूनही राग येतो. विषारी असतं म्हणजे? बघता बघता डोळे भरून आले, ओठ पुरीसारखे फुगले, हनुवटीवरून लाळ गळायला लागली. बोलायला गेल्या तर नुसतं ब्ब ब्ब. खाटेखाली ठकीची तीच अवस्था, दारात मालकिणीची तीच. चाळीत तोवर मी मान वर करून बोलले नव्हते, पण त्या क्षणी राहवलं नाही.

"धाकूशेठ," मी म्हटलं, "आता यांनाही पोत्यात घालणार का?"

आधी गंगुबाईंनाच हसू फुटलं. धाकूशेठनी एकदा गोदूबाईंकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे, आणि काठी भिंतीला टेकवली. दिवेलागणीपर्यंत थांबतो म्हणाले. तोवर मांजर पाणी प्यायली तर ठीक, नाहीतर आपण ऐकणार नाही.

ते पायरीवर बसून राहिले. मी गोदूबाईंना चुळा भरायला लावल्या, थंड ताक दिलं. त्या मात्र हाताला जाड फडकं गुंडाळून खाटेखाली वाकलेल्या, दुधात भिजवलेला कापूस ठकीच्या ओठांवर पिळत होत्या. दुपार कलली तशी त्यांची सूज उतरली. ठकीची उतरेना.

दिवे लागले आणि ठकी बाहेर आली. सगळी चाळ दाराशी जमली. ती वाटीपाशी गेली, वाटी हुंगली आणि लपलप पाणी पिऊ लागली. वाटीचा तळ दिसेपर्यंत प्यायली. धाकूशेठ काठी उचलून घरी गेले, पोतं विसरले. गोदूबाईंची दिवसभर तुंबलेली बडबड मग जी सुटली, ती जेवणं झाली तरी आटपेना.

साहेबी झाड लोकोशेडच्या कचेरीत उंच फळीवर गेलं. दुसऱ्या दिवशीपासून गोदूबाई पडवीतला एकेक डबा तपासू लागल्या. कण्हेर गेली, शेराच्या कांड्या गेल्या, गंगुबाईंची लाडकी सदाफुलीसुद्धा गेली. गुराख्यांना विचार, ठाण्याच्या वैद्यांना विचार, असं करत त्यांनी जास्वंद, मोगरा, गावठी गुलाब आणले आणि एका डब्यात ठकीनं चावायला म्हणून मुद्दाम गहू पेरले. पुढे पुढे कळव्याहून माणसं विचारायला यायची, की घरात मांजर आहे, दारात काय लावू?

त्या पावसाळ्यात ठकी त्याच पोत्यात व्याली. पिल्लं सगळ्यांनाच हवी होती, पण गोदूबाई आधी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन झाडं बघून यायच्या. रांगेत पहिले होते धाकूशेठ. भाताच्या कणगीत उंदीर माजले होते. त्यांच्या अंगणात कण्हेरीचं जुनं झुडूप होतं, त्यांच्या बायकोच्या, आवडाबाईंच्या, पूजेच्या फुलांचं. बाई रुसल्या, तरी धाकूशेठनी स्वतः कुदळ घेऊन ते मुळासकट काढलं आणि तिथे जास्वंद लावली. मगच पिल्लू न्यायला आले, आणि सवयीनं त्यांचा हात पोत्याकडे गेला.

"पोतं ठकीचं आहे," गोदूबाई म्हणाल्या. "पिल्लू हातात न्या."

आणि एवढा मोठा जमीनवाला माणूस, ओंजळीत इवलंसं पिल्लू धरून, ते पडेल म्हणून हळूहळू पावलं टाकत सगळ्या चाळीसमोरून घरी गेला.