तीन दातेरी चाकं

वसईजवळच्या गिरीज गावातल्या वाडीतल्या पंपघरात विहिरीचं जुनं ऑइल इंजिन एका कोपऱ्यात गंजत पडलंय. उरलेल्या जागेत दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण केळ्यांचे क्रेट उपडे घालून बसतो. हा जयवंतीताईंचा दरबार. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन बाई स्टीमपंक लिहायला लागल्या. म्हणजे वीज, पेट्रोल आलंच नाही, जग वाफेवर आणि दातेरी चाकांवर चालतंय, अशा कथा.

"या वयात?" त्यांच्या भावजयीनं विचारलं होतं.

"मग काय, भजनी मंडळात जाऊ? तिथं टाळ आहेत गं, पिस्टन नाहीत."

पंपघराचा नियम एकच. कथा हातानं लिहायची, मोठ्यानं वाचायची, मोबाइल दाराबाहेर ठेवलेल्या वेताच्या पाटीत. मग सगळ्यांनी मिळून ती सोलायची. कुणाचं पुस्तक आलं की ताई भाषणाला जाणार, घरोघरी प्रती पोचवणार.

या नियमानंच घात केला.

शेजारच्या होळी गावची उन्नती, तेवीस वर्षांची, घरची भाजीची वाडी. तिनं थरथरत्या आवाजात मिठागरात मीठ ओढणाऱ्या वाफेच्या खेकड्याची कथा वाचली. चार महिन्यांनी तोच खेकडा एका दिवाळी अंकात आला. नाव हर्षवर्धन सरांचं. सर विरारचे, नावाजलेले लेखक. आमच्यातच क्रेटवर बसायचे.

"कल्पना हवेत असतात, ताई," ते हसून म्हणाले. "तिच्याकडे पुरावा आहे का काही?"

नव्हता. वहीतली पानं कधीची, कोण सांगणार? आणि सरांच्या नावापुढं आमचा शब्द कोण ऐकणार? उन्नती यायची बंद झाली. ताई तिच्या गावी गेल्या, तर ही मेथीच्या जुड्या बांधतेय.

"मी भाजीच बांधते, ताई. ती तरी कुणी स्वतःची कथा म्हणून छापत नाही."

ताई परत आल्या त्या ओठ आवळून. आम्हाला वाटलं, आता सरांना हाकलणार. कसलं काय! पुढच्या रविवारी सरांना पहिला चहा. आम्ही मनातल्या मनात ताईंना शिव्या दिल्या.

त्या रविवारी ताईंनी नव्या कादंबरीचं प्रकरण वाचलं. वसईच्या किल्ल्यावरून उडणारं वाफेचं जहाज. त्याच्या काळजात तीन दातेरी चाकं, प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोन्हींत अडकलेले, म्हणून तिप्पट जोर. वा! आम्ही माना डोलावल्या. मीही. सर तर डोळे मिटून ऐकत होते. अर्नाळ्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे वॉल्टरकाका तेवढे खोकल्यात हसू दाबत बसले होते. नंतर ताई म्हणाल्या, "हे प्रकरण काही जमलं नाही, फाडून टाकते." फाडलंही.

वर्षभरात सरांची कादंबरी आली. मुखपृष्ठावर जहाज, जहाजाच्या पोटात तीन चाकं. प्रकाशनाला वक्त्या जयवंतीताई; त्या नाही म्हणत नाहीत, हे सरांना ठाऊक होतं.

"तू पहिल्या रांगेत बसायचं," ताईंनी उन्नतीला दंडाला धरून आणलं होतं.

"मला नाही बघवणार."

"बघवेल. डोळे उघडे ठेव फक्त."

ताईंनी भाषण केलं. गोड. मग पिशवीतून लाकडी फळी काढून टेबलावर ठेवली. फळीवर तीन चाकं, एका चाकाला दांडा.

"सर, तुमच्या जहाजाचं काळीज. वॉल्टरकाकांनी मुखपृष्ठ बघून हुबेहूब बनवलंय. फिरवा की!"

टाळ्या. सरांनी दांडा धरला. हलेना. दुसऱ्या हातानं जोर लावला. फळी हलली, चाकं नाहीत.

"लावा, जोर लावा," ताई माइकमध्ये म्हणाल्या. "तुमच्या कादंबरीत तर लहान पोर फिरवतं एका बोटानं."

लोक हसले. मागून वॉल्टरकाका ओरडले, "नाय फिरायचं, सायबा! पयलं चाक दुसऱ्याला उलटं फिरवतं, दुसरं तिसऱ्याला सुलटं, आनि तिसरं पयल्याला धरून ठेवतं. वल्हं मारनाऱ्या पोरालाबी कळंल!"

सरांचा चेहरा काळवंडला. "पण तुम्हीच त्या रविवारी असं वाचलं होतं!"

माइक चालूच होता.

ताई हळूच म्हणाल्या, "कुठल्या रविवारी, सर? आणि उन्नतीचा खेकडा? तो कुठल्या रविवारचा?"

पहिल्या रांगेतून उन्नती उठली. मंचावर चढली, तिसरं चाक उपसलं आणि दांडा फिरवला. उरलेली दोन्ही चाकं गरागरा फिरली. उपसलेलं तिनं सरांच्या हातात ठेवलं.

"हे तुमचं," म्हणाली. आवाज थरथरला नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पुढं उन्नतीच्या नावानिशी खुलासा छापला. मागच्या रविवारी ती पंपघरात नवी कथा वाचत होती, तेवढ्यात बाहेरच्या पाटीत ताईंचा फोन वाजला. दाराजवळ बसले होते म्हणून मी उचलला. हर्षवर्धन सर.

"ताई, सर विचारतायत, येऊन माफी मागू का?"

"येऊ दे की," ताईंनी वहीवरची नजरही काढली नाही. "तिसरं चाक घेऊन ये म्हणावं. तिन्ही जागेवर बसव आणि फिरवून दाखव. फिरलं की माफ."

मग उन्नतीकडे वळून, "हं, वाच पुढं. बॉयलर कुणी पेटवला?"