मागं

मंगळवारी दुपारी माझा भाऊ गेला. मी वर्गात शिकवत होते. फोन आला, बाहेर जाऊन मी तो घेतला, आत येऊन पुस्तक मिटलं आणि मुलांना जायला सांगितलं.

त्याला वर्ष होऊन गेलं. त्याच्याविषयी लिहायला आता कुठे बसते आहे.

तो व्यवसायाने गोलकीपर होता. चंडीगडमध्ये मी हे सांगितलं की समोरचा माणूस मान डोलवायचा आणि विचारायचा, ते ठीक, पण काम काय करतो? आमच्या कोल्हापुरात हे कुणी विचारलं नसतं. तिथे पेठेच्या संघाचा गोलकीपर भाजी आणायला गेला, तरी कालचा गोल कसा खाल्लास याचा जाब त्याला भाजीवालीला द्यावा लागे.

मी इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायला आले, त्यानंतर काही वर्षांनी इथल्या एका क्लबने त्याला घेतलं. करार एका हंगामाचा. तो माझ्याकडेच राहायला आला. संध्याकाळी सराव संपवून आला की बाथरूममध्ये बसून ग्लोव्ह्ज धुवायचा, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसे, आणि बाल्कनीत सावलीला टाकायचा. उन्हात टाकले तर तळव्याचं रबर तडकतं, हे त्याने मला बजावून ठेवलं होतं. मी ओल्या ग्लोव्ह्जच्या शेजारी खुर्ची ओढून वाचत बसायचे.

गोलकीपरची कारकीर्द म्हणजे बहुतेक वाट पाहणं, हे मला त्याच्यामुळे कळलं. संघात तिघे गोलकीपर असतात आणि खेळतो एक. बाकीचे दोघे त्याला सरावासाठी चेंडू मारून देतात आणि मग बाकावर जाऊन बसतात. इतरांना कुठल्या ना कुठल्या जागी मिनिटभर तरी उतरवतात, याला नाही. भाऊ तिसरा होता. डिसेंबरात दुसरा क्लब सोडून गेला, जानेवारीत पहिल्याचं बोट मोडलं, आणि जागा याला मिळाली. ती टिकली तर करार वाढणार होता, नाहीतर परत कोल्हापूर. ते तो बोलून दाखवत नव्हता, पण जेवण कमी झालं होतं.

जानेवारीत इथे धुकं असतं. गोलमध्ये उभं राहिलं की समोरचा गोल दिसत नाही, अर्धं मैदानही दिसत नाही. चेंडूवर पाय पडल्याचा आवाज येतो, त्यावरून अंदाज घ्यायचा. अशा वेळी गोलकीपरला ओरडावं लागतं, कारण मैदानाकडे तोंड करून फक्त तोच उभा असतो. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाचा एक जण आमच्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पाठीमागून सरकत आत आला. भावाने पाहिलं आणि ओरडला, ‘मागं, मागं!’

स्टॉपर उंचापुरा सरदार होता. त्याने ‘भाग’ ऐकलं आणि इमानेइतबारे पुढे धावत सुटला. मागचा मोकळा झाला आणि गोल झाला.

सामना त्या एका गोलने गेला. स्टॉपरने कोचला सरळ सांगितलं, ‘सर जी, इसने बोला भाग, मैं भाग गया.’ सगळे हसले. कोच हसले नाहीत. यांना समजेल असं ओरडायला शिक, नाहीतर पहिल्याचं बोट बरं होईतो मी दुसरा कुणी शोधतो, असं त्यांनी भावाला सांगितलं.

मग आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. मी मटार सोलता सोलता मध्येच विचारायचे, पाठीमागे माणूस आहे, काय ओरडशील? तो म्हणायचा, ‘पिच्छे’. घरी बिनचूक. मैदानावर चेंडू आला की पुन्हा ‘मागं’.

‘ताई, डोक्यात पिच्छेच असतंय गं,’ तो म्हणाला. ‘तोंडातनं मागंच पडतंय.’

असं का होतं हे मी वर्गात शिकवत असे. त्याला सांगून उपयोग नव्हता.

दोन-तीन दिवसांनी तो स्टॉपरच दारात उभा राहिला, हातात किन्नू संत्र्यांची पिशवी. खुर्चीत मावत नव्हता. पोह्यांची दुसरी बशी संपवून मला म्हणाला, ‘दीदी, ये तो सीखने से रहा. हमें सिखा दो. लफ्ज कितने हैं इसके, चार?’

चारच निघाले. मागं, सोड, माझा, थांब. सोडवर त्याने भावाकडे पाहिलं. ‘सोडा मैच के बाद, मराठे.’ मागं म्हणताना तो म्हणायचा ‘मांगा’, आणि स्वतःच विचारायचा, क्या मांगा? भाऊ टेबलावर डोकं टेकून हसत होता. कितीतरी दिवसांनी त्याने त्या रात्री पोटभर जेवण केलं. दुसऱ्या दिवशी सरदाराने ते शब्द बाकीच्या बचावपटूंकडून घोकून घेतले.

पुढच्या सामन्याला मी गेले. गोलच्या जाळीमागे शाल गुंडाळून उभी राहिले. धुक्यात मला गोलपुढच्या दहा-बारा पावलांपलीकडे काहीच दिसत नव्हतं. फक्त भावाचं ‘मागं’ ऐकू आलं, आणि तो सरदार जागच्या जागी वळला आणि त्याने चेंडू बाहेर मारला. एवढंच. त्याच्या पुढच्या सामन्यातही गोलमध्ये भाऊच होता, आणि पहिल्याचं बोट बरं झाल्यावरही तोच राहिला. उन्हाळ्यात करार वाढला.

पुढे तो गोव्यात खेळला, कोलकात्यात खेळला. जाईल तिथे पहिल्या आठवड्यात बचावपटूंना ते चार शब्द शिकवायचा. बोटं वाकडी झाली, मग खांदा गेला, आणि तो गोलकीपरांना शिकवायला इथे परत आला, पुन्हा माझ्याकडे. त्यानंतरची वर्षं मला सगळ्यात जास्त आठवतात. तो मला सामने सांगायचा, मी त्याला वाचलेलं सांगायचे, दोघांनाही दुसऱ्याचं अर्धंच कळायचं. मग रक्ताचं दुखणं निघालं. फार दिवस चाललं नाही.

सरदाराने त्याला खांदा दिला. त्याची दाढी आता पांढरी झाली आहे. तो रविवारी येतो, चहा घेतो, आम्ही हिंदीत बोलतो. वर्गात मी इंग्रजी बोलते, बाजारात हिंदी आणि थोडी पंजाबी. घरात मी एकटी असते. तिथे आता मराठी बोलली जात नाही.