तिकीट खिडकीवरचा कलता दगड

ते स्टेशन आता जागेवर नाही. मीटरगेजची लाइन ब्रॉडगेज झाली आणि काळ्या दगडाची ती तीन खोल्यांची इमारत पाडली गेली. पण सत्त्याऐंशी पट लहान होऊन ती माझ्या टेबलावर उभी आहे. तिकीट खिडकी, तिच्यासमोरचा पत्र्याचा उतार, पिण्याच्या पाण्याचा रांजण, सगळं. ते मॉडेल पाहिलं की अजूनही माझी मान ताठ होते. ते मी केलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्यातलं जे खोटं आहे ते आता लिहून ठेवतो.

मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्तीनंतर नवीन जालन्यात नेमप्लेट आणि ट्रॉफ्यांचं दुकान टाकलं, पुढे लेसरचं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर रेघ काढायची, की किरण त्या रेघेवरून पातळ फळी कापत जातो. ताकद कमी केली तर नुसता कोरतो. पुण्याच्या एका गृहस्थांच्या घरी टेबलावर छोट्या आगगाड्या धावत. त्यांना आपल्या भागातलं एखादं जुनं स्टेशन हवं होतं, अगदी खरं वाटेल असं. इमारत पाडण्याआधी मी तिचे फोटो काढून ठेवले होते. ते समोर ठेवून कामाला लागलो.

पहिली भिंत कापून वाळत ठेवली होती, तेव्हा टेंभुर्णीचे एक वयस्कर गवंडी दुकानात आले. केदारखेड्याला दिलेल्या लेकीनं नवं घर बांधलं होतं, तिच्या दारावर पाटी करायची होती. पाटीचं राहिलं बाजूला, ते भिंतीकडेच बघत बसले.

"मास्तर, हे टेशन हाय ना?"

"ओळखलंत, चाचा?"

"वळखनार न्हाई? ठेकेदाराच्या हाताखाली ह्याच्या भिंती नीट करण्यात माझी जवानी गेली. पन ही भिंत बिलकुल खोटी हाय."

"खोटी कशी?"

त्यांनी चुन्यानं भेगाळलेलं बोट टेकवलं. "हा दगड बघा. हाच इथं. परत ह्या खिडकीखाली. परत कोपऱ्याला. एकच दगड चार जागी कसा बसंल?"

मी बारा दगड काढले होते आणि तेच उचलून भिंतभर चिकटवले होते. कॉम्प्युटरवर ते सोपं पडतं. मी चिडून म्हणालो, "मंग काय एकेक दगड येगळा काढू?"

"आमी काढलेच की. ते बी छन्नीनं. तुमी तर खुर्चीवर बसून राह्यले."

त्या दिवसापासून चाचा दर बाजाराला येऊ लागले. मी प्रत्येक दगड वेगळा काढला. कोपऱ्याला एक दगड लांब, त्यावर एक आखूड, हे त्यांनी शिकवलं. दगडांमधल्या कोरलेल्या रेघा जळून तपकिरी व्हायच्या. मी पांढरा रंग लावून पाहिला, तर भिंत शाळेच्या फळ्यासारखी दिसायला लागली. चाचांनी पानाच्या डबीतला चुना काढला, पाण्यात सैल केला, रेघांत बोटानं चोळला आणि ओल्या फडक्यानं वरचा पुसून घेतला. खऱ्या भिंतीच्या दरजा भरतात, तसाच. इतकं खरं माझ्या हातून कधी काही झालं नव्हतं, आणि तेव्हाही ते एकट्या माझ्या हातून झालं नव्हतं.

एकच गोष्ट राहिली होती. तिकीट खिडकीच्या कमानीतला मधला दगड.

"हा सरळ का केला?" चाचांनी विचारलं.

"फोटोत तो कलता दिसतो. फोटोचा दोष असणार."

"फोटो बराबर हाय. मीच बशिवल्ता तो. साहेब तपासणीला येनार म्हनून ठेकेदार बोंबलत व्हता, जल्दी कर, जल्दी कर. डावीकडं कलला तो कललाच. तो सरळ केला, तर हे कुनाचं बी घर झालं."

मी कमान पुन्हा काढली, दगड डावीकडे कलता ठेवून.

औरंगाबादेत अशा छोट्या रेल्वेवाल्यांचं प्रदर्शन भरलं. पुण्याच्या गृहस्थांनी आमचं स्टेशन तिथे मांडलं. चाचा आणि मी एसटीनं गेलो. माणसं वाकून बघत होती, मी फुलून गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. पूर्वी त्याच स्टेशनावर स्टेशनमास्तर होते म्हणे. त्यांनी कमानीपाशी डोळे नेले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"हा दगड! रोज बघायचो मी. तुम्हाला कसा कळला हो?"

चाचा माझ्या मागेच उभे होते, हातात फडकं घेऊन. मी म्हणालो, "माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

ते गृहस्थ माझ्या मागच्या चाचांकडे पाहू लागले, तेव्हा चाचा हसून म्हणाले, "मास्तरची नजर लई तेज हाय."

परतताना एसटीत त्यांनी मला निम्मे शेंगदाणे दिले. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या बाजाराला मी पुढच्या कामाचं, त्याच स्टेशनाच्या गोदामाचं, चित्र दाखवून विचारलं, "चाचा, हा कोपरा बरोबर आहे का?" ते म्हणाले, "मला काय इच्चारता? तुमच्या नजरेतून सुटतं का काय?" आणि चहा मागवला. नंतर त्यांचं येणं कमी झालं, मग ते आजारी पडले, मग गेले. मला सांगायला वेळ भरपूर होता. मी सांगितलं नाही.

पुण्याच्या गृहस्थांनी पुढे ते स्टेशन मलाच परत दिलं; गेल्या महिन्यात ते खोक्यात घालून मी केदारखेड्याला गेलो. दारावर मी केलेली पाटी तशीच होती. चाचांच्या लेकीनं मॉडेल पाहिलं आणि सरळ कमानीवर बोट ठेवलं.

"हा आमच्या अब्बांचा दगड. तुमी मास्तर ना? अब्बा सांगायचे, मी कायबी बोलायच्या आदी मास्तरनं तो वळखला. लई तेज नजर म्हनायचे."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझी बाजू राखली होती.

"न्हाई, बाई," मी म्हणालो. "फोटोत दिसला, पन मला फोटोचा दोष वाटला. मी सरळ काढल्ता. तुझ्या अब्बांनी सांगितलं, तवा कलता केला. भिंतीतला चुना त्यांच्या हातचा हाय. आन तिथं लोकांसमोर मी खोटं बोललो."

तिनं आत वळून सगळ्यांना हाक मारली. मुलगा, सून, शेजारची दोन माणसं, सगळे ओसरीवर आले. तिनं मॉडेल उचलून मधोमध ठेवलं.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "पयल्यापासून."

मी बारा दगडांपासून सुरुवात केली.