सुमेधचं न जोडलेलं फंक्शन

भूतबित, आत्मा वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. मी नांदेडला वेबसाइट बनवतो. कोडमध्ये काही घडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं... एवढ्याच एका गोष्टीवर माझी श्रद्धा. म्हणून तर हे लिहितोय.

रक्तदात्यांच्या एका मंडळाची साइट मी आणि माझा मित्र सुमेध करत होतो. तो आमच्याच भागातल्या मुरुडचा. रक्तगट निवडला की जवळच्या दात्यांचे नंबर दिसावेत, काम एवढंच. पण मंडळाला वर सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो हवे होते — चौकातल्या बॅनरवर असतात तसे, हात जोडलेले. पान भलतंच जड झालं. मग मी कोड मिनिफाय करायचो, म्हणजे मोकळ्या जागा, टिपा आणि कुठेच न वापरलेला भाग सॉफ्टवेअरने काढून फाइल हलकी करायची.

सुमेध हसायचा. "कोड किती बी दाब. तिकडं रेंजच न्हाई, हे एवढे साहेब लोक उतरायचे कसे?"

त्याने एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं. रेंज कमी असली की फोटो वगळून नुसते नंबर दाखवायचे आणि वर एक ओळ : "थांबा, येऊन राहिलंय." ते जोडायच्या आधीच तो अपघातात गेला. मूळ कोडमधून ते काढायला माझा हात धजावला नाही, आणि जोडायलाही. पण कुठेच वापरलेलं नसल्यामुळे मिनिफाय करताना ते दर वेळी गळायचं. साइटवर ते कधी गेलंच नाही.

पुढे जळकोटला ताईचं बाळंतपण अडलं. रक्तस्राव थांबेना, गट ओ निगेटिव्ह. दाजी तिला जीपमधून उदगीरला नेत होते आणि मी नेमका उमरीच्या रस्त्यावर गाडीवर, फोन बॅगेत; त्यांचे कॉल मला कळलेच नाहीत. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आमची साइट उघडली. रेंजची जेमतेम एक काडी होती. ते पोचायच्या आधी उदगीरचा एक दाता दवाखान्यात हजर होता.

ताई वाचली. मुलगी झाली. मी दाजींना सहज विचारलं, एवढ्या रेंजमध्ये ते फोटो आले कसे?

"फोटो-बिटो काईच न्हाई आलं. नुसते नंबर. वर लिवलेलं व्हतं, थांबा, येऊन राहिलंय. मग मी ते बंद न्हाई केलं, थांबलो."

नंबर जातील म्हणून त्यांनी स्क्रीनशॉट काढला होता. त्यात ती ओळ आहे. मी सर्व्हरवरची फाइल तपासली, जुन्या फाइली तपासल्या. फंक्शन कशातच नाही. दाजींच्या फोनमध्ये जुनं काही साठलेलं असण्याचाही प्रश्न नव्हता. माझी झोप उडाली, पण भीतीने नाही, खरं सांगायचं तर उत्सुकतेने.

आता मी ते रीतसर जोडलंय. मिनिफाय केलं तरी टिकतं.

मुरुडला जाऊन सुमेधच्या आईला स्क्रीनशॉट दाखवला. मावशींनी ओळ वाचली. म्हणाल्या, "असंच बोलतो त्यो. जेवायला हाक मारली की हेच... थांब, येऊन राहिलो."

मग फोन हातातच धरून बसल्या. स्क्रीन मंद व्हायला लागली की बोट लावायच्या.

कारण मला अजून सापडलेलं नाही. मावशींनी ते विचारलंही नाही.