लाल न दिसणारी फिल्म

हॉलमध्ये तुमच्या आजोबांचा हार घातलेला जो फोटो आहे, तो आधार कार्डावरून मोठा करून घेतला आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. ते स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले, हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही फ्रेमसाठी फोटो शोधत बसलो. लग्नाकार्यातल्या फोटोंत ते नेहमी कुणाच्या तरी मागे उभे. शेवटी कार्ड काढलं. त्यात ते रांगेत कंटाळलेल्या माणसासारखे दिसतात, कारण त्या दिवशी ते खरोखरच रांगेत कंटाळले होते.

दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे तुमच्या वडपे गावच्या आजोबांना, तेच ऑपरेशन सांगितलं. त्यांनी पहिली तारीख अमावास्या म्हणून सोडली. दुसऱ्या तारखेला घरातून निघताना देवापुढचा दिवा विझला, म्हणून माझी जाऊच त्यांना परत घेऊन आली. तिचा अशा खुणांवर फार विश्वास, आणि त्यांना तो सोयीचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, आता पुढे ढकललं तर मग तारीख मागायला येऊ नका. तेवढा वेळ नाही त्यांच्याकडे."

तिसरी तारीख मिळाली त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. जिना चढताना दोनदा थांबले.

"वहिनी, मी जातो. पण आधी फोटो. आमच्या बापाचा हाय ना, तसा. मोठा, कागदावरचा. आम्हा नवराबायकोचा."

"भाऊजी, तुमच्या मुलाच्या फोनमध्ये शेकडो आहेत."

"फोन पाण्यात पडला की सगळे बुडाले. आणि दादासारखा मला आधार कार्डावरचा नको. फोटो हातात आला की मी गाडीत बसतो. न्हाय आला, तर न्हाय बसत."

मी हो म्हटलं. हाताशी दहा दिवस होते.

माझ्याकडे होता तो लाकडी कॅमेरा. भिवंडीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा तुमच्या आजोबांनी तो शोभेसाठी आणला होता. भाता शाबूत, पाय शाबूत, लेन्स गायब. मी तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. भिंगाशिवायचा कॅमेरा रोज पुसून ठेवणं मला जमेना, म्हणून निवृत्तीनंतर मी त्याच्यामागे लागले होते. भंगारवाल्याकडे एक पितळी लेन्स मिळाली होती. साड्यांच्या छपाईसाठी डिझाइनची फिल्म करणारं एक युनिट बंद पडलं, तिथल्या यंत्रातली. काच स्वच्छ, पण उघडझाप करणारं शटर नाही, आणि तिचे आटे कॅमेऱ्याच्या फळीत बसेनात. ती वर्षभर मऊ कापडात गुंडाळून कपाटात पडली होती.

लूमचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडे ती घेऊन गेले. त्याने आटे अंगठ्याच्या नखाने मोजले.

"अम्मा, ये किस लूम का पुर्जा है?"

"लूम का नहीं. फोटो का."

"फोटो का!" तो शेजारच्या कारागिराकडे बघून हसला. "मोबाइल खराब हो गया क्या अम्मा का?"

पण त्याने अॅल्युमिनियमची रिंग अशी काढून दिली की लेन्स तिच्यात फिरत गेली आणि शेवटच्या आट्याला घट्ट थांबली. मी ती फळीवर स्क्रूने बसवली, कडेने काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. शटर म्हणून पावडरच्या डब्याचं झाकण, आतून मखमल लावलेलं. झाकण काढायचं, सेकंद मोजायचे, झाकण लावायचं.

फिल्म एक्स-रेची. एका डॉक्टरांचं क्लिनिक कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा त्यांनी शिल्लक राहिलेली एक पेटी, स्टीलच्या टाक्या आणि लाल काचेचा दिवा मला देऊन टाकला होता. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर मी डार्करूम केलं. त्या फिल्मला आणि फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात काम करता येतं. बाटल्यांवर लेबलं, दारावर पाटी, वहीत प्रत्येक फिल्मची नोंद. हे सगळं इतकं तपशिलात लिहिते आहे, कारण एवढी शिस्त असूनही मी काय विसरले ते तुम्हाला कळावं.

शुक्रवारी दुपारी त्यांना आमच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत बसवलं. रविवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. जावेने लेकीच्या लग्नातला लाल शालू नेसला होता आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"चार सेकंद हलायचं नाही," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं हिच्या शेजारी न हलता बसलोय," भाऊजी म्हणाले. "चार सेकंदाचं काय!"

"गप बसा. तोंड वाकडं येल," जाऊ म्हणाली.

मी झाकण काढलं. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार. झाकण लावलं.

शनिवारी सकाळी धुतलेल्या फिल्मवरून फोटोचा पहिला कागद काढला. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनातून दोघं हळूहळू वर आली. भाऊजींचे डोळे, बटणं, जावेच्या हातातल्या बांगड्या, सगळं इतकं स्पष्ट की मी मनातल्या मनात लेथवाल्याचे आभार मानले. मग कपाळ आलं. कुंकू कोळशासारखं काळं. शालू काळा. नवऱ्याशेजारी काळी साडी नेसून, काळं कुंकू लावून बसलेली बाई.

फिल्मला लाल दिसत नाही, हे माझ्या स्वतःच्या दिव्याने मला वर्षभर सांगितलं होतं. आणि कुंकू लाल असतं, ते काळं उतरणार, हे मला सुचलं नाही.

हा फोटो त्या दोघांच्या हातात पडला की तिसरी तारीखही गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिवा विझला म्हणून परतलेली माणसं ती. मी जावेला फोन केला.

"फोटो चांगला आलाय, पण आजच पुन्हा काढू या. हिरवी साडी नेस. आणि कुंकवाच्या जागी पिवळी टिकली लाव. तेवढ्यापुरतीच."



"ताई, उद्या ह्यांना भरती करायचंय. आज मी कुंकू पुसू?"

"अगं, फक्त रंग बदलायचा."

"तुम्हाला आता त्याचं काय वाटणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला लागलं ते. पण तिला ते कुठून आलं तेही मला कळत होतं. मला काही वाटत नाही असं नव्हे. दोन वर्षं झाली, मी आरशासमोर उभी राहिले की हात अजून कपाळाकडे जातो.

रविवारी पहाटे उठून मी ते कुंकू फिकं करता येतं का बघत होते. कागदावर उजेड पाडताना तारेला लावलेली चकती त्या जागेवर धरायची, म्हणजे तिथं उजेड कमी पडतो. तीन कागद गेले. कपाळावर पांढरं भोक दिसायला लागलं, पुसल्यासारखं. काळ्यापेक्षा वाईट. चौथा कागद, काही न करता, ट्रेमध्ये टाकला आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

जिन्यावर बांगड्या वाजल्या. "ताई, फोटो द्या. हे गाडीत बसलेत. हातात फोटो आल्याशिवाय गाडी हलवू देत न्हायत."

"थांब, उघडू नकोस," मी म्हणेपर्यंत ती आत आली आणि दार लावून घेतलं.

लाल उजेडात ट्रेवर वाकून तिने पाहिलं. 

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय केलंत?"

मी सांगायला सुरुवात केली. ती ऐकत नव्हती. तिने मान वर केली आणि समोर न्हाणीघराचा आरसा होता. लाल उजेडात लाल कुंकू उठून दिसत नाही, त्वचेत मिसळून जातं. आरशातलं तिचं कपाळ मोकळं होतं.

तिने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.  मी तिला दंडाला धरलं.

कागदाचं पाकीट उघडं होतं. त्याच्यातला एकेक कागद मी मोजून वापरते. ट्रेमधला फोटो अजून पक्का झाला नव्हता, पांढऱ्या उजेडात तो टिकणार नव्हता. हे मला सगळं माहीत होतं. मी पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं.

"आता बघ. आरशात बघ."

कुंकू होतं. लालभडक. थोडं तिच्या बोटांना लागलं होतं, तेही लाल. तिने बोटं बघितली, आरसा बघितला. मग हात लांब करून तिनेच बटण बंद केलं. कपाळ मोकळं. पुन्हा चालू केलं. कुंकू. असं तिने चारपाच वेळा केलं. माझं कागदाचं पाकीट तिथंच उघडं पडलं होतं.

"म्हणजे ते हाय तिथंच हाय," ती म्हणाली. "दिव्याला दिसत न्हाय."

"फिल्मलाही दिसत नाही. म्हणून काळं."

"आंधळी हाय तुमची फिल्म." तिने डोळे पुसले. "आणि तुम्ही काल मला पुसायला सांगत होतात."

"चुकले मी."

"मी पण बोलली ते चुकली." मग ट्रेकडे बोट केलं. "ह्याला काय झालं?"

ट्रेमधला कागद पार काळा झाला होता. दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं त्यात.  आता ही याचीही खूण धरणार.

 तिने कागद चिमटीत धरून उचलला, पाणी निथळू दिलं आणि तसाच हातात घेऊन खाली निघाली. मी मागोमाग.

भाऊजींनी गाडीची काच खाली केली. तिने तो काळा कागद त्यांच्यासमोर धरला.

"हा घ्या फोटो. बिघडला. लाइट लागला त्याला."

भाऊजींचा चेहरा उजळला, खोटं सांगत नाही. "बघ! मी काय म्हणत होतो? आजचा दिवसच... आपण पुढच्या आठवड्यात..."

"दिवसाला काय झालंय? बटण मी दाबलं, त्यानं काळा झाला. फिल्म हाय ताईंकडं. तुम्ही परत आलात की दुसरा काढायचा."

"पण मी म्हटलं होतं, फोटो हातात..."

"दिला की हातात." ती त्यांच्या शेजारी बसली, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, गाडी काढा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काही म्हणेन म्हणून. मी बाजूला झाले. गाडी गेली. ओला कागद त्यांच्या मांडीवर होता, पँट भिजली असणार.

त्यानंतरचे अकरा दिवस मी डार्करूममध्ये गेले नाही. फोन वाजला की दुसऱ्या रिंगला उचलायचा, पहिल्या रिंगला हात पुढे यायचा नाही.

दिवाळीत तुम्ही वडप्याला जाल तेव्हा तिथल्या भिंतीवर फोटो पाहाल. त्यात भाऊजी अर्ध्याने उरलेत, शर्टाचं वरचं बटण उघडं आहे आणि टाक्यांची रेघ दिसते. त्यांनीच ती दिसू दे म्हटलं. त्या दिवशी मी कॅमेरा लावला आणि काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून जावेला विचारलं, "साडी बदलायची का? टिकली?"

"लालच राहू दे," ती म्हणाली.

मी झाकण काढलं आणि मोजायला लागले.