इतवारीनं रचलेलं पुंजणं

सौंदडच्या पुढं, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, आत गेलं की एक गाव लागतं. तिथं हंगामात इतवारीच्या दारात कुणी आलं की काय काम आहे ते विचारावं लागत नसे. कापलेल्या धानाचे भारे चुरण्याआधी, म्हणजे मळणीआधी, गोल रचून ठेवतात, त्याला पुंजणं म्हणतात, आणि पुंजणं रचावं ते इतवारीनंच, असं गावात ठरूनच गेलं होतं. कणसं आत, बुडखे बाहेर, एकेक भारा गुडघ्यानं दाबत तो गोल फिरत वर चढायचा. खालून भारे देणारे दमायचे, हा दमायचा नाही. शेवटचा भारा बसवून उतरला की पुंजण्याभोवती एक चक्कर मारायची आणि म्हणायचं, "आता पाऊस येवो का पावसाचा बाप येवो, माया पुंजण्यात थेंब जात नाही." गर्व होता त्याला, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

यंदा धान कापून झाला आणि अवकाळी पाऊस आला. कापलेल्या धानाच्या बांध्यांत वाळायला पसरलेल्या कडपा भिजल्या. जेमतेम ऊन पडलं, तोच पुन्हा आभाळ भरून आलं. मग सगळ्यांचीच धांदल. इतवारीनं एकाच दिवशी दोन पुंजणी रचली. आधी स्वतःचं, मग धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला बांध लागलेल्या रूपेशचं. भारे वरून सुकले होते, आतून ओले होते. हाताला ते कळत होतं. पण पाऊस डोक्यावर होता, माणसं भारे घेऊन उभी होती, आणि थांबा म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. त्यानं नेहमीपेक्षा जास्त दाबून रचलं, एवढंच.

मग एक दिवस रूपेशचा ट्रॅक्टर धुऱ्यावर चढला, धुरा फुटला आणि दोघांची चांगलीच जुंपली. रूपेश तरणा, तोंडाचा फटकळ. "पाहून घेईन तुले, काका," असं तो चार लोकांसमोर बोलून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी गाव चहा पीत असताना, इतवारीचं पुंजणं पेटलं. लोक बादल्या घेऊन पोचले तेव्हा विझवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

"रूपेशनंच लावली," इतवारी पोलीस पाटलाला म्हणाला. पाटील म्हणजे भैयाजी, थंड डोक्याचा माणूस.

"कोणी पाहिलं का जी?" भैयाजीनं विचारलं.

"तो म्हणे ना पाहून घेईन म्हणून! अजून का पाहाले पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन तक्रार द्यायची असं ठरलं. गावानंही माना डोलावल्या. आग आपली आपण लागली असं ऐकायला लोकांना मजा येत नाही. ती लावणारा कुणीतरी लागतो.

या गावात आगीला शब्दांचा तोटा नाही. चूल पेटते, विडी शिलगते, ओलं लाकूड धुमसतं, तणसाचा ढीग भडकतो, माणूस आतल्या आत जळतो. ज्वलन मात्र कुणाच्याच घरात होत नाही. तो शब्द पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर असतो आणि शाळेच्या पुस्तकात असतो. इतवारीच्या घरात तो सून मोनालीच्या तोंडून आला. मोनाली बारावी सायन्स झालेली. ती दुपारी राख पाहून आली होती.

"मामाजी, खालचे बाहेरचे भारे तसेच आहेत. मधातच पोकळ अन् काळं झालं आहे. बाहेरून लावली असती तं बाहेरचं आधी जळलं असतं."

"मंग?"

"ज्वलनाले काडी लागतेच असं नाही. जळणारं पाहिजे, हवा पाहिजे अन् गरमी पाहिजे. ओला भारा दाबून ठेवला तं गरमी आतच वाढत जाते. वाढता वाढता आपोआप पेटते."

"आपोआप भूक लागते, आग नाही लागत," इतवारी उसळला. "तुयं सायन्स चुलीपाशी ठेव."

ती चुलीकडं वळली. सासऱ्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, हे तिला सायन्सच्याही आधी कळलेलं होतं.

सकाळी ठाण्याकडं निघताना इतवारीची वाट रूपेशच्या बांधीवरून गेली. तिथं वास आला. धान उसनताना, म्हणजे उकडताना, येतो तसा, पण गोडसर, करपट. पुंजण्याच्या माथ्यावरून बारीक वाफ निघत होती. त्यानं भाऱ्यांच्या फटीत हात घातला आणि झटक्यानं मागे घेतला.

खरं सांगायचं तर त्याला पहिला विचार आला तो स्वतःचाच. हे पेटलं तर गाव म्हणेल, इतवारीनं सूड घेतला. दुसरा विचार त्याहून वाईट होता. हे उकलायला सांगायचं तर आग आतून लागते हे कबूल करायचं, आणि आतलं सगळं त्याच्या हातचं होतं. आसपास कुणी नव्हतं. निघून गेला असता तर कुणालाच कळलं नसतं. तो थोडा वेळ हात चोळत उभा राहिला. मग ठाण्याची वाट सोडून रूपेशच्या दारात गेला.

तिथं भैयाजी बसलेला होता, दोन-चार शेजारीही होते. इतवारीला पाहून रूपेश ताडकन उठला.

"पंप घेऊन चाल," इतवारी म्हणाला. "तुयं पुंजणं पेटून राहिलं. उकलाव लागते."

"कोण लावली?"

"कोणी नाही. मी ओलं रचलं. मायंही ओलंच होतं."

आधी भैयाजी उठला. मग सगळेच धावले.

पाण्याचा पाईप तयार ठेवूनच भारे ओढले. मधले भारे विडीच्या पानासारखे तपकिरी झाले होते. हवा लागताच एका जागी भप्पकन जाळ उठला, तो पाण्यानं विझवला. अर्ध्याहून जास्त धान वाचला.

चिखलात बसून रूपेशनं विचारलं, "मंग मायं नाव काऊन घेतलं, काका?"

"तुयं नाव घेणं सोपं होतं," इतवारी म्हणाला.

रूपेश उठून ओले भारे पसरू लागला. माफही केलं नाही, शिवीही दिली नाही.

भारे उन्हात नीट वाळल्यावर पुंजणं पुन्हा रचायचं होतं. रूपेशनं शेजारच्या गावाहून दुसरा माणूस आणला. इतवारी न बोलवता आला. त्याला कुणी वर चढ म्हटलं नाही, आणि तोही चढला नाही. दिवसभर तो खाली उभा राहून भारे देत होता.